न खाकरता येणारी गाडी

विजेवर चालणाऱ्या गाडीला आवाज नसतो, ही गोष्ट गाडी तयार होऊन रस्त्यावर येईपर्यंत माझ्या डोक्यात आली नव्हती. मोटर कुठली बसवायची, बॅटऱ्या कुठं ठेवायच्या, वजन किती होईल, चढाला दम लागेल का, या सगळ्याचा मी विचार केला होता. आवाजाचा केला नव्हता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, आयुष्य गेलेल्या माणसाला तो सुचणार तरी कसा? आमच्याकडं लेथ आणि घण यांच्या गोंगाटात शेजारी उभ्या माणसाला चहा हवा का, हेसुद्धा ओरडून विचारावं लागे.

गेल्या महिन्यात संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला थांबलो होतो. शेजारी दोन म्हातारे बोलत होते. म्हातारे म्हणजे माझ्याच वयाचे. एकजण दुसऱ्याला सांगत होता, "तात्या डॉक्टरची करंटवरची गाडी आठवती का? दिनूमिस्त्रीनं काय डोकं लावलंतं! पर त्या इस्माईलच्या बॅटऱ्यांनी घात केला बघ."

"व्हय की," दुसरा म्हणाला. "बॅटऱ्या बसल्या, न्हाईतर आज सगळं कोल्हापूर करंटवर पळालं असतं."

तो दिनूमिस्त्री मी. दुधाचा ग्लास तोंडाला लावून मी दुसरीकडं बघत उभा राहिलो. स्वतःची स्तुती ऐकायला मला आवडते, हे कबूल. पण ही स्तुती माझी नव्हे, आणि तिच्यापायी दुसऱ्याच एका माणसाचं नाव वर्षानुवर्षं खराब होत आलं आहे. बॅटऱ्यांनी घात केला नव्हता. डॉक्टरांनी ती गाडी परत पेट्रोलवर का नेली, ते माझ्याशिवाय आता फार थोड्यांना माहीत आहे. ते या दिवाळी अंकात लिहितो.

माझा धंदा मोटारदुरुस्तीचा. गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, जमिनीत एक खड्डा, आणि त्या खड्ड्यात मी. आम्हा कोल्हापूरच्या मिस्त्र्यांत एक मोठा दोष आहे. एखादी वस्तू समोर आली की ती दुरुस्त कशी करायची, यापेक्षा ती आपण कशी बनवली असती हे आम्हांला आधी सुचतं. घरातल्या शिवणयंत्राला मी मोटर बसवली होती. पहिल्याच दिवशी त्या यंत्रानं बायकोच्या पोलक्याची एक बाही दुसऱ्या बाहीला शिवून टाकली. तेव्हापासून घरात माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की बायको शेजारच्या घरी जाऊन बसते.

तात्या डॉक्टर हे आमच्या जुन्या पेठांतले डॉक्टर. पूर्ण नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत आणि घरची मंडळी गावात आहेत. जैन घराणं, वडील गुळाचे व्यापारी, घरातले हे पहिले डॉक्टर. अंगानं भरपूर, बोलायला मोकळे. दवाखान्यापेक्षा घरी जाऊन रोगी बघण्यावर त्यांचा भर. त्यासाठी त्यांच्याकडं एक म्हातारी, इवलीशी विलायती मोटार होती. ती सुरू होताना आधी एकदा खोकायची, मग दोन ढेकर द्यायची, आणि मग रिकामा डबा दगडांवरून फरफटत न्यावा तशी गल्लीतून जायची.

अरब देशांनी तेलाचे भाव वाढवले तेव्हाची गोष्ट. पेट्रोल एकदम महाग झालं. डॉक्टर गाडी घेऊन माझ्याकडं आले.

"दिनकर, मी रोगी बघाय जातोय का हिला पाजाय जातोय, हेच कळंना झालंय. काय तर कर."

"इकून टाका आणि सायकल घ्या की, तात्या."

"माझं वजन बघ आणि मग सायकलीचं नाव काढ."

त्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "मग करंटवर करू या का?"

डॉक्टर हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "व्हईल?" म्हणाले.

"न व्हायला काय झालं?"

आमच्या उद्यमनगरात 'होईल का' या प्रश्नाला हे एकच उत्तर आहे. ते देताना कसं होईल हे माहीत असावं लागत नाही.

मोटर मिळाली एका बंद पडलेल्या फिल्म स्टुडिओच्या भंगारात. पेट्रोलचं इंजिन काढून तिथं ती बसवली. गिअरचा डबा तसाच ठेवला. वेग कमीजास्त करायला तांब्याच्या पट्ट्यांचा एक मोठा खटका केला. तो ओढला की गाडी जागेवरून अशी उडी घ्यायची की डॉक्टरांची टोपी मागच्या काचेवर जायची. विजेसाठी ट्रकच्या सहा बॅटऱ्या लागल्या. दोन पुढं, चार मागच्या सीटच्या जागी. मागची सीट गेली तशी डॉक्टरीणबाईंची जोतिबाची खेप गेली. शिवाय त्यांनी एकदा गाडीच्या पाठीवर नऊवारी वाळत टाकली. तिथं बॅटऱ्या ठेवताना आम्ल सांडलं आहे हे मी सांगायला विसरलो होतो. संध्याकाळी त्या लुगड्यातून पलीकडचं महालक्ष्मीचं शिखर दिसत होतं.

बॅटऱ्या इस्माईलच्या. इस्माईलचं दुकान माझ्या गॅरेजला लागून. जुनी बॅटरी उघडायची, शिशाच्या पट्ट्या नव्यानं ओतायच्या, मध्ये लाकडाच्या पातळ फळ्या घालायच्या, वरून डांबरानं तोंड बंद करायचं, आम्ल भरायचं आणि हळूहळू वीज भरत ठेवायची, हा त्याचा धंदा. बॅटरीनं वीज धरून ठेवणं बंद केलं की आम्ही 'बॅटरी बसली' म्हणतो. इस्माईलच्या बॅटऱ्या लवकर बसत नसत. बिद्रीच्या कारखान्याला ऊस ओढणारे ट्रकवाले हंगामाच्या आधी त्याच्या दारात रांग लावायचे.

इस्माईल नम्र नव्हता. "माझी बॅटरी मढ्याला लावली तर मढं उठून बिडी मागंल," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. डॉक्टरांच्या गाडीसाठी त्यानं जुन्या पट्ट्या वापरल्या नाहीत, सगळ्या नव्या ओतल्या. प्रत्येक बॅटरीवर लाल रंगात मोठा 'इ' काढला.

"गाडी डॉक्टरची, डोकं माझं, आणि नाव तुझं व्हय रे?" मी म्हणालो.

"डोकं बंद पडलं तर गाडी चालंल," तो म्हणाला. "बॅटरी बंद पडली तर तुझं डोकं घेऊन ढकलत बस."

पहिल्या दिवशी डॉक्टरांना घेऊन मी रंकाळ्यावर फेरी मारली. गाडी छान चालली होती. तेवढ्यात तीन-चार पैलवान गडी पळत मागून आले. "डॉक्टरची गाडी बंद पडली वाटतं! ढकला रं!" असं ओरडत त्यांनी गाडीला खांदा दिला. इंजिनाचा आवाज नाही म्हणजे गाडी उतारानं घरंगळते आहे, अशी त्यांची समजूत. मी "सोडा, सोडा, चालू हाय!" म्हणून ओरडत होतो. ते म्हणत होते, "असूं द्या पावणं, लाजताय कशाला?" त्यांच्या जोरानं गाडी कडेच्या कठड्यावर जाऊन थांबली. पहिला पोचा तिथं आला.

खटका अवघड असल्यामुळं सुरुवातीचे काही महिने गाडी मीच चालवायचो आणि डॉक्टरांची बॅग घेऊन रोग्याच्या घरात जायचो. त्यामुळं पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या पेठांत कोणी शहाणा पुरुष दुसऱ्याच्या घरात सरळ शिरत नाही. उंबऱ्याबाहेर थांबून खाकरतो. 'मी आलोय, पदर सावरा, भांडण थांबवा, ताट झाका' एवढं सगळं त्या खाकरण्यात येतं. आतल्यांना सावरायला वेळ मिळतो आणि मग दोन्हीकडची माणसं काही घडलंच नव्हतं अशा चेहऱ्यानं भेटतात. डॉक्टरांची पेट्रोलची गाडी त्यांच्यासाठी हे काम करत होती. ती कोपऱ्यावर खोकली की रोग्याच्या घरात स्टोव्ह पेटायचा, कारण तेव्हा सुई पाण्यात उकळून घ्यायची असे. पलंगावर धुतलेली चादर यायची, साबण आणि टॉवेल बाहेर निघायचे. रोगी असेल तिथून येऊन आडवा व्हायचा आणि कण्हायला लागायचा. डॉक्टर आत पोचेपर्यंत सगळं जिथल्या तिथं.

माझी गाडी न खाकरता घरात शिरू लागली.

एका तालमीच्या वस्तादांना कावीळ झाली होती. तेल बंद, मटण बंद, उसाचा रस चालू. आम्ही दारातून आत गेलो तर वस्तादांनी तांबड्या रश्शाची वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावली होती. वाटीच्या वर फक्त दोन पिवळे डोळे दिसत होते. ते डोळे डॉक्टरांकडं बघत तसेच थांबले.

"तात्या, नुसता वास घेत हुतो," वस्ताद म्हणाले.

"मिशीला लागलाय तेवढा वास पुसा आधी," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या एका घरात एक सासूबाई कित्येक महिने कंबर धरून अंथरुणाला खिळल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्या स्टुलावर चढून, टाचा उंचावून, फळीवरची लोणच्याची बरणी काढत होत्या. डॉक्टरांना बघून त्या स्टुलावरच कण्हायला लागल्या. सून इतकी खूश झाली की तिनं मलासुद्धा चहा दिला आणि वर लाडू दिला. सासूबाईंनी मात्र पुढं डॉक्टर बदलले.

डॉक्टरांचे एक बालमित्र होते, गुळाचे अडत्ये. त्यांच्या पेढीच्या पायरीवर आम्ही पोचलो तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, "तात्याच्या औषदानं काय गुण यीत न्हाय. पर मानूस गप्पांना लई चांगला." डॉक्टर आत गेले, हसून बोलले, नाडी बघितली, गप्पा मारल्या. परत येताना बिंदू चौकात त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "दिनकर, तीस वर्सं झाली की रे मला ह्याला औषध देऊन." मला हसू आवरत नव्हतं. मी खटका जरा जोरात ओढला.

त्याच सुमारास आम्ही एका शिक्षिकाबाईंकडं गेलो. नवरा लवकर गेलेला, घरात त्या आणि दम्यानं आजारी असलेली त्यांची आई. डॉक्टर दारातून आत गेले तशा बाई झटकन उठून आतल्या दाराआड गेल्या आणि शेवटपर्यंत बाहेर आल्या नाहीत. आई किती खोकली, काय खाल्लं, हे सगळं त्या दाराआडूनच सांगत होत्या. परसात दोरीवर एक लुगडं वाळत होतं, ते मला खिडकीतून दिसत होतं. शाळेत नेसून जाण्याजोगं धड ते एकच. अंगावर काय होतं, ते त्या दाराआड गेल्या त्या क्षणात जेवढं दिसलं तेवढं दिसलं. मला ते दिसलं, आणि परत गाडीत बसल्यावर मी डॉक्टरांशी गाडीच्या ब्रेकबद्दल बोलत बसलो.

हळूहळू घरी येण्याची बोलावणी कमी झाली. "लोक बरे झाले असतील," मी म्हणालो. डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच उपाय शोधायला लागलो.

पहिला उपाय हॉर्न. कोपऱ्यावर हॉर्न वाजवला की लोक सावरत नव्हते, काय झालं बघायला बाहेर येत होते. एका घरी म्हातारबोवा शेवटच्या घटका मोजत होते. तिथं हॉर्न वाजवल्यावर त्यांच्या मुलानं मला अशा शब्दांत विचारलं की ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. दुसरा उपाय घंटा. मी एक पितळी घंटा पुढच्या बंपरला टांगली. त्या दिवशी आम्ही जिथं जिथं गेलो तिथं पोरं हातात पाच-पाच पैसे घेऊन पळत आली आणि बर्फाचं गारेगार मागायला लागली. एकानं डॉक्टरांना "लाल रंगाचं द्या" म्हणून सांगितलं. तिसरा उपाय डॉक्टरांचा स्वतःचा. ते दारात उभं राहून मोठ्यानं खाकरायला लागले. दोन आठवड्यांत गावात बोलवा झाली की तात्यांनाच छातीचं काहीतरी झालंय आणि ते लपवतायत.

एवढं होऊनही मी गाडीवर खूश होतो. गाडी चालत होती, बॅटऱ्या वीज धरत होत्या, एकदाही रस्त्यात थांबलो नव्हतो. लोकांना सवय नाही, होईल, असं मी म्हणायचो. गाडी बरोबर आणि गाव चूक, असा माझा हिशेब होता.

मग एका दुपारी त्या शिक्षिकाबाई आईला टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन आल्या. म्हातारीचे ओठ निळे पडले होते. श्वास घेताना गळ्याखाली खड्डा पडत होता. डॉक्टरांनी तिला आत घेतलं, सुया दिल्या, उशाशी बसून राहिले. मी दाराशी बॅग धरून उभा. आतून तिचा श्वास करवतीसारखा ऐकू येत होता. संध्याकाळपर्यंत ती वाचते का जाते हे कळत नव्हतं. दिवे लागायच्या वेळेला श्वास जरा उतरला.

डॉक्टर बाहेर आले. एरवी कोणावर आवाज न चढवणारा माणूस, पण चिडले होते. "बाई, किती दिवस झालेत हे? मला बोलवायचं नाही? मी काय लांब राहतो?"

बाईंनी पदर घट्ट धरला होता. खाली बघत म्हणाल्या, "डॉक्टर, बोलवायचं मनात चारदा आलं. पण तुम्ही कधी येता ते कळत नाही हो. पूर्वी गाडी वाजायची. आम्हांला... जरा नीट होता यायचं."

माझ्यापुढं ते दोरीवरचं लुगडं आलं.

बाई आत आईजवळ गेल्यावर डॉक्टर गाडीजवळ आले आणि बंपरवरची घंटा हातानं थांबवून म्हणाले, "दिनकर, हे काढ. माझं जुनं इंजिन बसव."

"पेट्रोलचं काय, तात्या?"

"पाजंन मी पेट्रोल. बसव तू."

"लोकांना काय सांगायचं?"

"बाईंचं नाव निघता कामा नये. बाकी काय सांगायचं ते सांग."

डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं. पुढचं सगळं माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर मंडळी जमली होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. "काय दिनू, उतरला व्हय करंट? काय झालं?"

मी विचार केला. मोटर जळाली म्हणावं, तर मोटर मी निवडली होती. खटका तुटला म्हणावं, तर खटका मी केला होता. वायरी माझ्या, जोडणी माझी. त्या अख्ख्या गाडीत माझी नसलेली एकच वस्तू होती.

"बॅटऱ्या बसल्या," मी म्हणालो आणि चहात खारी बुडवली.

त्याच दिवशी शाहूवाडीकडचा एक भातशेतकरी जीप घेऊन दुरुस्तीला आला होता. त्याच्या वाडीवर अजून वीज नव्हती. त्याला त्या सहाही बॅटऱ्या देऊन टाकल्या. मला त्या डोळ्यांसमोर नको होत्या.

इस्माईल दुपारी आला. गॅरेजच्या बाहेर उभा राहिला. "दिनू, बाहीर ये."

मी खड्ड्यातून वर आलो.

"माझ्या बॅटऱ्या बसल्या म्हणालास?"

"लोक काय बी बोलत्यात, इस्माईल."

"लोकांचं सोड. तू म्हणालास का न्हाय?"

"जरा उतरल्या हुत्या, म्हणून..."

"काढ बाहीर. सहाच्या सहा हितं चौकात मांडू. आम्लाला नळी लावू, बल्ब लावू, समद्यांसमोर. एक जरी मेलेली निघाली तर मिशी उतरून देतो तुझ्या हातात."

"त्या... दिल्या मी."

"बसलेल्या बॅटऱ्या कोन घेतंय रं?"

"भंगारात गेल्या," मी म्हणालो.

"भंगारात," तो म्हणाला. पाठ फिरवली आणि आपल्या दुकानात गेला.

जुनं इंजिन बसवायला मला वेळ लागला. इतके दिवस कोपऱ्यात पडून त्यात उंदरांनी घर केलं होतं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा धुरांड्यातून पिंजलेला कापूस उडाला आणि तो डॉक्टरांच्या टोपीवर बसला. पण गाडी खोकली. डॉक्टर एवढे खूश झाले की मला म्हणाले, "तो सायलेन्सर आहे न्हवं, तो जरा ढिलाच ठेव." मेकॅनिक म्हणून मला आयुष्यात असं काम दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. मी दोन बोल्ट सैल केले. गाडी दसऱ्याच्या तोफेसारखी वाजायला लागली. पहिल्या दिवशी आम्ही बाईंच्या गल्लीत वळलो तेव्हा कोपऱ्यावरूनच एका घरातून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. बाई स्वतः दारात आल्या, धुतलेलं लुगडं नेसून, आणि म्हणाल्या, "या डॉक्टर. आई वाट बघतेय."

त्या दिवशी मला फार बरं वाटलं. इस्माईलची आठवणसुद्धा झाली नाही.

उसाचा हंगाम आला तशी ती आठवण झाली. ट्रकवाल्यांची थट्टा मला माझ्या खड्ड्यात ऐकू यायची. "इस्माईलभाई, ही बॅटरी बिद्रीपातूर जाईल न्हवं? का डॉक्टरच्या गाडीवानी गंगावेशीतच बसंल?" आमच्याकडं थट्टेला हात आखडता घेत नाहीत. इस्माईल प्रत्येकाशी भांडायचा. जो भांडतो त्याच्याकडं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. रांग आधी आखूड झाली, मग संपली. एका वर्षानं त्यानं दुकान बंद केलं आणि बायकोच्या माहेरी, गारगोटीला गेला. सामान भरताना मी मदतीला गेलो नाही. गॅरेजमध्ये एका गाडीचं चाक काढून ते परत बसवत होतो.

बाईंची लाज राखायला मी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत असे. ते खोटं होतं. 'मोटर जळाली' म्हटलं असतं तरी बाईंची लाज राहिली असती. गेली असती फक्त माझी.

पुढं काही वर्षांनी शाहूवाडीच्या त्या शेतकऱ्यानं पंपाचं इंजिन बघायला मला बोलावलं. काम होईपर्यंत अंधारलं. घरात बल्ब लागला, रेडिओवर बातम्या लागल्या. बाकाखाली बघितलं तर लाल रंगातला 'इ'.

"ह्या अजून चालत्यात?" मी विचारलं.

"म्हंजे? चार माझ्याकडं, दोन जावयाला दिल्यात. मलकापूरच्या बाजारात न्हेऊन भरून आनतो, बास. काय बॅटऱ्या हाईत मिस्त्री! कुनाच्या केलेल्या ह्या?"

"असत्याल कुनाच्या तरी," मी म्हणालो आणि जेवायला न थांबता निघालो. त्या घरात त्या दिवशी नव्या तांदळाचा भात शिजला होता. त्याचा वास वळणापर्यंत येत होता.

गंगावेशीतल्या त्या संध्याकाळनंतर मी आधी बाईंकडं गेलो. त्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या आहेत. आई त्यानंतरही बरीच वर्षं जगली. मी भीतभीत सगळं सांगितलं, लिहू का म्हणून विचारलं.

"लिहा की," बाई म्हणाल्या. "तेव्हा एक धड लुगडं होतं. आता कपाटाचं दार लागत नाही." मग चष्मा काढून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "पण मिस्त्री, माझं झाकायला त्या बॅटरीवाल्याला कशाला उघडं पाडलंत?" शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा मी उभा होतो. बाईंनी बसा म्हणून सांगितलं, तेव्हा बसलो.

नंतर गारगोटीला गेलो. बाजाराच्या कडेला इस्माईलचं छोटं दुकान आहे. दाढी पांढरी झाली आहे. तो एका ट्रॅक्टरच्या बॅटरीवर डांबर ओतत होता. मी दारात उभा राहून खाकरलो.

"खोकला झाला असंल तर दवाखाना पलीकडं हाय," तो मान वर न करता म्हणाला.

"इस्माईल, मी दिनू."

"दिसतंय की."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाई, डॉक्टर, चहाचा गाडा, शाहूवाडी, सगळं. तो डांबर ओतत राहिला. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"झालं सांगून?"

"झालं."

"मग हे मला कशापायी सांगतोस? माझ्या बॅटऱ्या चांगल्या हुत्या हे मला म्हाईत हाय. मीच केल्या हुत्या की. ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना जाऊन सांग."

"दिवाळी अंकात लिवनार हाय."

"गंगावेशीतली मानसं वाचत्यात ते?"

"कोनतरी वाचून दाखवंल."

"काय लिवनार?"

"बॅटऱ्या चांगल्या हुत्या, असं."

त्यानं भांडं खाली ठेवलं, फडक्याला हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "चांगल्या? चांगल्या तर कुनाच्या बी असत्यात. एक नंबर लिव."

"लिवतो."

समोरच्या हॉटेलातून पोऱ्या चहा घेऊन आला. एकच कप होता. इस्माईलनं तो स्वतः घेतला, बशीत ओतला आणि म्हणाला, "पयलं छापून आन. मग तुझा सांगतो."

तर गंगावेशीत दूध पिणाऱ्या मंडळींनी नीट ऐकावं आणि शेजारच्यालाही सांगावं. तात्या डॉक्टरांच्या गाडीतल्या सगळ्या बॅटऱ्या इस्माईलनं केलेल्या होत्या. त्या बसल्या नव्हत्या. त्या एक नंबर होत्या.

अंक हातात पडला की तो घेऊन मी गारगोटीच्या एस.टी.त बसणार आहे. माझा चहा राहिला आहे.